उदगीरहून आलेल्या प्रश्नाला उत्तर: दिग्दर्शन विभागात पहिलं काम कसं मिळतं

प्रश्न थोडक्यात असा: "मी २३ वर्षांचा, उदगीरचा. बी.कॉम. झालंय, वडिलांच्या किराणा दुकानात बसतो. मोबाइलवर दोन लघुपट केलेत. सिनेमात दिग्दर्शक व्हायचं आहे, पण ओळख कुणाचीच नाही. मुंबईतल्या एका खासगी संस्थेत वर्षभराच्या कोर्सला ६ लाख मागतात. बाबा एक एकर विकायला तयार आहेत. कोर्स करू का? नाहीतर शिरायचं कसं? आणि माझं बोलणं मराठवाडी आहे, ते आड येईल का?"

तू माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस, म्हणून एकेरीच लिहिते. मी सांगलीची. २००३ साली कंटिन्यूइटी सांभाळणारी, म्हणजे एका शॉटमधले कपडे, केस, वस्तू पुढच्या शॉटमध्ये तशाच आहेत ना हे बघणारी सहायक म्हणून सेटवर पाय ठेवला. आज मालिका आणि सिनेमे मिळून 'चीफ' म्हणून, म्हणजे मुख्य सहायक दिग्दर्शक म्हणून काम करते. माझ्या हाताखाली आजवर साठेक मुलंमुली आली असतील. त्यातली काही टिकली, काही महिन्याभरात घरी गेली. त्या अनुभवातून सांगते.

आधी जमिनीचं. विकू नका. संस्था वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पण सहायक नेमताना मी प्रमाणपत्र कधीच मागितलेलं नाही, आणि माझ्या ओळखीतल्या एकाही चीफने मागितल्याचं ऐकलेलं नाही. ६ लाख देऊन वर्षाच्या शेवटी तू जिथे उभा असशील, तिथेच आज उभा आहेस: पहिला फोन कुणाला करायचा हा प्रश्न तेव्हाही तसाच असेल. शिकायचंच असेल तर पुण्याची एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) आहे, कोलकात्याची सत्यजित रे संस्था आहे. दोन्ही सरकारी. प्रवेश परीक्षा अवघड, जागा मोजक्या, पण तिथलं शिक्षण खरंच पायाभूत असतं आणि सोबत शिकलेली माणसं आयुष्यभर कामाची जोडीदार होतात. परीक्षा जरूर दे. नाही जमली तर पुढच्या खेपेला पुन्हा दे, मधल्या काळात काम कर. एफटीआयआय आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून फिल्म ॲप्रिसिएशनचा काही आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतात, तोही चांगला. सिनेमा बघायचा कसा, हे तिथे कळतं.

आता तुझ्या 'शिरायचं कसं' कडे येते. 'इंडस्ट्री' नावाची एखादी इमारत असते आणि तिला दार असतं, असं बाहेरून वाटतं. तसं काही नसतं. असतात ती युनिटं. साठ, ऐंशी, शंभर माणसांची. सिनेमा संपला की युनिट फुटतं, पुढचा सुरू झाला की त्यातली निम्मी माणसं पुन्हा एकत्र येतात, कारण चीफ, कॅमेरामन, प्रॉडक्शन कंट्रोलर (शूटिंगची व्यवस्था आणि खर्च बघणारा) आपापली माणसं फोन करून बोलावतात. त्यामुळे तुला इंडस्ट्रीत शिरायचं नाहीये, एका युनिटमध्ये शिरायचंय. पहिल्यांदा घेतात ते बहुतेक वेळा निकड म्हणून. कुणीतरी आजारी पडतं, कुणी मधेच दुसरीकडे जातं, आउटडोअरला माणूस कमी पडतो. ते काम नशिबाने मिळतं. पण तोच चीफ तीन महिन्यांनी पुन्हा फोन करतो का, हे पूर्ण तुझ्या हातात असतं. या दुसऱ्या फोनवरच सगळं उभं राहतं.

काम करता करता शिकणं ही आपल्याकडे जुनी रीत आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल आणि व्ही. शांताराम तयार झाले. शांतारामबापूंनी तिथे पडेल ते काम केलं. १९२९ साली या लोकांनी 'प्रभात' ही स्वतःची फिल्म कंपनी काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला आली, आणि त्याच जागेत १९६० साली एफटीआयआय सुरू झाली. म्हणजे ज्या आवारात आज अभ्यासक्रम चालतो, ते आवार उभं केलं काम करता करता शिकलेल्या माणसांनी.

दुसरा फोन येतो कशाने, हे माझ्याच एका चुकीवरून सांगते. माझा पहिला सिनेमा, वाईजवळच्या एका वाड्यात शूटिंग. सकाळी नायक आणि त्याच्या बहिणीचा मोठा सीन सुरू झाला. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, नायकाने हात धुताना मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. जेवणानंतर त्याचे क्लोजअप झाले. मी वहीत शर्टाचा रंग, बाह्यांच्या घड्या, चहाच्या पेल्यात चहा कुठवर होता, इतकं सगळं लिहिलं होतं. घड्याळ नव्हतं लिहिलं. रात्री लॉजवर नोंदी पक्क्या करताना दिवसाचे फोटो बघत होते. सकाळच्या फोटोत घड्याळ, दुपारच्या फोटोत मनगट मोकळं. पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वाई सोडणार होतो.

रात्री अकराला चीफच्या खोलीचं दार वाजवलं आणि फोटो पुढे ठेवले. ते भडकले, साहजिकच होतं. मग पाच मिनिटं गप्प बसून त्यांनी सकाळचं वेळापत्रक पुन्हा मांडलं. दुसऱ्या दिवशी पहिला शॉट त्यांनी हातांचा घेतला: बोलता बोलता नायक घड्याळ काढून खिशात ठेवतो. दहा मिनिटांचं काम. संकलनात तो तुकडा क्लोजअपच्या आधी बसला आणि पडद्यावर तर तो भावाच्या अस्वस्थपणाचा भाग वाटतो. तीन महिन्यांनी त्याच चीफचा फोन आला, पुढच्या सिनेमासाठी. मी विचारलं, मला का? ते म्हणाले, "चुका सगळेच करतात. तू रात्रीच सांगितलंस." तेव्हापासून माझ्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी असतात: घड्याळ, बाह्या, केस, कुठला हात.

दिग्दर्शक व्हायचंय म्हणतोस, तर सहायकाचं काम म्हणजे नक्की काय, ते तुला कळायला हवं. बहुतेकांना वाटतं की दिग्दर्शकाच्या खुर्चीमागे उभं राहून बघायचं असतं. सेटवर बघायला वेळ मिळत नाही. कुणी क्लॅप देतं, कुणी कंटिन्यूइटी लिहितं, कुणी कपडेपटाशी बोलून उद्याचे ड्रेस लावून घेतं, कुणी कलाकारांना व्हॅनमधून सेटवर आणतं, कुणी ज्युनिअर आर्टिस्टना, म्हणजे गर्दीतल्या कलाकारांना, मागे चालवतं. या सगळ्याचा पाया ब्रेकडाउन. संहिता हातात आली की प्रत्येक सीन फोडायचा आणि त्याला काय काय लागेल ते काढायचं.

हे तू आज दुकानात बसूनही शिकू शकतोस. एक तीन ओळींचा सीन घे. समज, असा आहे: 'सकाळ. एसटी स्टँड. पाऊस नुकताच थांबलाय. सुमन हातात ट्रंक घेऊन गाडीतून उतरते. चहावाला तिला ओळखतो.' वाचायला किती सोपा आहे बघ. आता फोड. गाडी कुठली? एस.टी. महामंडळाची परवानगी कोण काढणार, की खासगी गाडी रंगवायची? गोष्ट १९९० ची असेल तर आजची गाडी चालणार नाही, मागच्या भिंतीवरच्या जाहिरातीही झाकाव्या लागतील. पाऊस थांबलाय म्हणजे जमीन ओली हवी, म्हणजे पाण्याचा टँकर, आणि ऊन चढलं की जमीन वाळते, म्हणजे प्रत्येक टेकच्या आधी पुन्हा पाणी. छत्र्या मिटलेल्या पण ओल्या. सुमनच्या साडीची कड भिजलेली का? आधीच्या सीनमध्ये ती गाडीत खिडकीशी बसली होती की मधे? ट्रंक रिकामी की भरलेली? रिकामी असली तर हातावर वजन दिसत नाही, खोटं वाटतं, आत विटा ठेवाव्या लागतात. चहावाल्याचा स्टो, भांडी, ग्लास, आणि वाफ दिसायला हवी तर चहा खरोखर उकळता हवा. मागे प्रवासी किती, त्यात शाळेची मुलं किती, म्हातारे किती, कडेवर मूल घेतलेली बाई आहे का. सूर्य कुठल्या बाजूने येतो, कारण सकाळ म्हटलंय आणि दहानंतर सावल्या बदलतात. खऱ्या स्टँडवर ध्वनिक्षेपक वाजत राहतो, मग संवाद तिथेच ध्वनिमुद्रित करायचे की नंतर डबिंग? अशा सीनच्या माझ्या वहीत चाळीसेक नोंदी होतात.

साधारण संहितेचं एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट. दोन तासांच्या सिनेमाची ११०-१२० पानं अशी फोडायची, मग जागा आणि कलाकारांच्या तारखा बघून सीनची उलटसुलट मांडणी करायची. मी केलेले बहुतेक मराठी सिनेमे २५ ते ३५ दिवसांत उरकलेत. म्हणजे रोज चारेक पानं. एक टँकर उशिरा आला तर दिवस हातचा जातो. हे ज्याने पाच वर्षं केलंय, तो स्वतःचा सिनेमा लिहितानाच ओळखतो की कुठला सीन परवडणार नाही आणि कुठला कमी खर्चात जास्त बोलेल. मला दिग्दर्शनाची सगळ्यात मोठी शिकवण तिथेच मिळाली.

म्हणून पुढच्या महिन्याभरात एका सिनेमाचे पाच सीन असे फोड. एक्सेलमध्ये स्वच्छ तक्ता कर. मराठी टायपिंग पक्कं कर, आणि ते युनिकोडमध्ये. मालिकेच्या सेटवर संवाद ऐन वेळी बदलून येतात, तिथे झपझप मराठी टाइप करणारा मुलगा पहिल्या दिवसापासून उपयोगाचा ठरतो. संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. तुझे लघुपट त्यावर पुन्हा काप. कापताना कळेल की शूट करताना काय राहून गेलं.

मेसेज कुणाला करायचा? दिग्दर्शकाला नको. त्यांना दिवसाला असे शंभर येतात. सिनेमाच्या शेवटची नामावली थांबवून वाच: मुख्य सहायक, सहयोगी दिग्दर्शक, कार्यकारी निर्माता, प्रॉडक्शन कंट्रोलर. माणसं हेच लोक नेमतात. मला रोज येणारे मेसेज असे असतात: "मॅडम, मला सिनेमाची खूप आवड आहे, एक संधी द्या, मी काहीही करीन." याला काय उत्तर देणार? 'काहीही' असं काम सेटवर नसतं. त्याऐवजी असं लिही: "मी उदगीरचा, दिग्दर्शन विभागात सहायकाचं काम शोधतोय. मराठी टायपिंग आणि एक्सेल चांगलं येतं. एका सीनचं ब्रेकडाउन सोबत जोडलंय. १ तारखेपासून मुंबईत आहे, रात्रीची शिफ्ट चालेल." चार ओळी. मी अशा मुलाचा तक्ता उघडून बघतेच. उत्तर आलं नाही तर महिन्याने एकदा विचार, रोज नको.

आणखी एक वाट तुझ्यासारख्या गावाकडच्या मुलांना जास्त जवळची आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होतं. आता मालिका आणि सिनेमे फक्त गोरेगावच्या चित्रनगरीत होत नाहीत. वाई, सातारा, कोल्हापूर, नाशिक इथे युनिटं महिनोन्महिने असतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंग थांबलं तेव्हा कितीतरी मराठी मालिकांची युनिटं गोव्याला गेली होती. अनोळखी गावात गेलेल्या युनिटला पहिल्या दिवसापासून स्थानिक माणूस लागतो. एकदा आम्हाला दोन दिवसांत खिल्लारी बैलांची जोडी, जुनं कौलारू घर आणि वीस शाळकरी मुलं हवी होती. गावातला एक पोरगा सकाळी मोटरसायकलवर मला घेऊन निघाला आणि दुपारपर्यंत तिन्ही गोष्टी दाखवून मोकळा झाला. बैलवाल्याला पैसे कधी मिळतील हेही त्याने स्वतःहून लिहून घेतलं. शूटिंग संपताना प्रॉडक्शनने त्याला पुढच्या गावी सोबत नेलं. आज तो लोकेशन मॅनेजर आहे. लातूर, नांदेड, सोलापूरकडे एखादं युनिट आल्याचं कळलं तर दुकान चार दिवस बंद ठेव आणि जा.

मुंबईत यायचं तर सहा महिन्यांची शिदोरी बांधून ये. गोरेगाव, मालाड किंवा ठाण्याला तिघा-चौघांत खोली, लोकल, जेवण, असं माझ्याकडच्या मुलांना महिन्याला १५ ते २० हजार लागतात. म्हणजे लाख-सव्वा लाख. तेवढे दुकानातून आणि छोट्या कामातून साठव. सहा महिने म्हणते याचं कारण आहे: मालिकांत पैसे बहुतेक ९० दिवसांनी हातात पडतात. जानेवारीच्या कामाचे एप्रिलमध्ये. हे आधी माहीत नसलं की चांगली मुलं भाड्यापायी परत जातात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. काम घेताना तीन गोष्टी विचार आणि मेसेजवर लिहून घे: दिवसाचे किती की महिन्याचे, प्रवासखर्च वेगळा का, पैसे कधी. विचारायला लाजू नकोस. एका निर्मितीसंस्थेकडे माझे चाळीस दिवसांचे पैसे बुडाले, कारण सगळं तोंडी होतं आणि दाखवायला माझ्याकडे एक ओळही नव्हती.

काम देण्यासाठी जो पैसे मागतो, तो काम देणारा नसतोच. ऑडिशनची फी, 'कार्ड काढून देतो', 'पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करा', 'डिपॉझिट भरा, रोल पक्का', हे सगळं एकाच माळेतलं. युनियनचं कार्ड त्या त्या संघटनेच्या कार्यालयात जाऊन स्वतः काढायचं असतं, आणि थोडं काम हाती आल्यावर त्याचा विचार कर, आधी नको. तुझी स्वतःची गोष्ट असेल तर पूर्ण लिहून स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदव, ते ऑनलाइन होतं. कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, लिहून काढलेल्या मजकुराला देतो. चहाच्या टपरीवर गोष्ट ऐकवत फिरू नकोस.

सेटवरच्या पहिल्या दिवसाचंही सांगते. कॉल, म्हणजे सेटवर पोहोचायची वेळ, सातचा असेल तर पावणेसातला हजर. बंद बूट घाल, जमिनीवर केबल आणि खिळे असतात. मला पहिल्या दिवशी सेटवर चहा-पाणी बघणाऱ्या एका स्पॉटदादांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, लाइटच्या पुढ्यात उभं राहायचं नाही, आणि मॉनिटरमागे गर्दी करायची नाही. कलाकाराच्या नजरेच्या रेषेत तर अजिबात नाही." वीस वर्षांनंतरही नव्या मुलांना मी हेच सांगते. फोन सायलेंटवर नाही, बंद. सेटवरचा फोटो कुठेही टाकायचा नाही. स्पॉटदादा, लाइटदादा, ड्रेसदादा यांना नावाने ओळख, त्यांच्याशी अदबीने वाग. कुठला चीफ नवं काम सुरू करतोय, हे सगळ्यात आधी त्यांना कळतं.

एक धोकाही सांगायला हवा. सहायकाच्या कामात माणूस इतका गुंततो की दिग्दर्शक व्हायचं होतं हेच मागे पडतं. बारा तासांची शिफ्ट, वर दोन तास प्रवास, लिहायला उठवतच नाही. म्हणून दोन कामांच्या मधल्या सुट्टीत वर्षाला एक तरी लघुपट स्वतःचा कर, आणि गावातच कर. नागराज मंजुळे करमाळ्याकडच्या जेऊरचे. 'फँड्री'च्या आधी त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला होता, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढंच नाही, नाटकही कर. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी मराठवाड्यातल्या केंद्रांवर होते. कुठल्या तरी संघात बॅकस्टेजला उभा राहा. नटाशी बोलायचं कसं, तो अडला की त्याला सोडवायचं कसं, हे कॅमेऱ्यामागे शिकायला मिळत नाही, तालमीत मिळतं.

राहिला बोलीचा प्रश्न. तो तू शेवटी, जरा संकोचानेच विचारलायस, म्हणून त्याचं नीट उत्तर देते. सेटवर कामापुरतं कुठलंही मराठी चालतं, थोडी हिंदी लागते कारण लाइट आणि कॅमेऱ्याकडची बरीच माणसं हिंदी बोलतात. पण तुझी बोली सोडू नकोस. गेल्या वर्षी लातूरकडच्या एका कुटुंबाची गोष्ट करत होतो. लेखक पुण्याचे, नट ठाण्याचा. नट सारखा 'मी येऊन राहिलोय' म्हणत होता, कारण त्याला गावाकडचं सगळं एकच वाटत होतं, आणि ते तर विदर्भातलं. तुमच्याकडे 'येऊलालो', 'काय करूलालास' म्हणतात, हे युनिटमध्ये मेकअपला असलेल्या औशाच्या एका मुलाने सांगितलं. मग पुढचे आठ दिवस तो मेकअप आटोपून नटाशेजारी बसून संवाद वाचून घ्यायचा. घरात आजी असेल तर तिचं बोलणं तिला विचारून रेकॉर्ड कर आणि वहीत उतरव. दुकानात येणारं गिऱ्हाईक उधारी कशी मागतं, नाही म्हटल्यावर काय बोलतं, तेही लिही. ब्रेकडाउनचा तक्ता तयार झाला की पाठव, मी वाचून काय राहिलं ते कळवीन. त्यासोबत या वहीतली दोन पानंही जोड.